औषधाची पेटी

गेल्या सप्टेंबरात, ऐन सबमिशनच्या तोंडावर, मला मलेरिया झाला. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. मागच्या गटाराशेजारी ज्यांच्या खोल्या आहेत त्यांना तर नाहीच नाही! पण त्या आठ-दहा दिवसांत एका माणसाची आणि माझी ओळख झाली. तो माणूस जाऊन दीडशे वर्षं होऊन गेली. त्याची गोष्ट सांगायची म्हणून हा लेख. आधी माझं थोडक्यात सांगतो, म्हणजे ही ओळख कशी झाली ते कळेल.

पहिल्या दिवशी अंग मोडून आलं. जर्नल लिहायचा कंटाळा म्हणून ताप येतोय, असं मीच स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हुडहुडी भरली. तिन्ही पार्टनरच्या चादरी अंगावर घेतल्या तरी दात वाजत होते. आमच्या मजल्यावर प्रथमोपचाराची पेटी आहे. चांगली मोठी, पांढरी, लाल फुलीची. पण तिला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते गणपतीला गावी गेले होते. ती साधी तापाची गोळी काचेतून दिसत होती! शेवटी रात्री साडेअकराला पोरांनी मला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं. एकाने पाठुंगळी घेतलं, दुसऱ्याने पाय धरले. पाठुंगळी घेणारा लातूरचा. मेसच्या बिलावरून आमचं भांडण झालं होतं आणि दीड महिना आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. त्या जिन्यातही तो काही बोलला नाही. नुसता उतरत राहिला.

रक्त तपासलं, औषध सुरू झालं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. अशक्तपणा होता म्हणून पडून होतो. करमत नव्हतं म्हणून एका मित्राने लायब्ररीतून चार पुस्तकं आणून टाकली, त्यात एक बाइंडिंग सुटलेलं जुनं चरित्र होतं. डेव्हिड लिव्हिंगस्टनचं. शाळेत भूगोलात एका ओळीत भेटलेला माणूस. व्हिक्टोरिया धबधबा कोणी शोधला? लिव्हिंगस्टनने. एक मार्क. (धबधबा तिथल्या लोकांना आधीपासून माहीत होता, त्याला त्यांचं नावही होतं, हे मात्र शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.) मी पानं चाळायला लागलो आणि दुसऱ्याच प्रकरणात थांबलो. हा बाबा तापाबद्दल लिहितो ते अगदी माझंच होतं!

डेव्हिड लिव्हिंगस्टन १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडमधल्या ब्लँटायर गावी जन्मला. घर म्हणजे गिरणी कामगारांच्या चाळीतली एक खोली. आपल्या गिरणगावातल्या लोकांना डोळ्यापुढे आणायला काही अडचण पडू नये. वयाच्या दहाव्या वर्षी तो सूतगिरणीत लागला. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत काम, तुटलेले धागे सांधायचे. त्यानंतर रात्रशाळा. पहिल्या आठवड्याच्या पगारातून त्याने लॅटिनचं व्याकरण विकत घेतलं. पुस्तक यंत्रावर टेकवून ठेवायचं आणि ये-जा करताना एकेक वाक्य वाचायचं, असा त्याचा अभ्यास. यंत्रांच्या त्या खडखडाटात वाचायची जी सवय लागली ती त्याला जन्मभर पुरली. मेसमध्ये टीव्ही चालू असतो म्हणून अभ्यास होत नाही म्हणणाऱ्यांनी (मी त्यात पहिला) याची नोंद घ्यावी.

१८३६ पासून ग्लासगोत तो वैद्यक शिकला. मिशनरी डॉक्टर व्हायचं आणि चीनला जायचं, असा त्याचा बेत. १८४० साली शेवटच्या तोंडी परीक्षेत त्याने परीक्षकांशी वाद घातला. विषय होता स्टेथोस्कोप! ते यंत्र तेव्हा नवीन, परीक्षकांचं मत वेगळं, आणि हा आपल्या मतावर ठाम. परीक्षा उगाच लांबली, पण पास झाला. व्हायव्हाला एक्स्टर्नलशी वाद घालू नये, हे आपल्याला सीनियर सांगतात. त्याला कोणी सांगितलं नसावं.

चीनमध्ये अफूचं युद्ध सुरू झालं, तो रस्ता बंद झाला. लंडन मिशनरी सोसायटीने त्याला दक्षिण आफ्रिकेला पाठवलं. १८४१ मध्ये तो तिथे पोचला. १८४४ मध्ये एका सिंहाने त्याचा डावा खांदा पकडून त्याला झिंजाडलं. दंडाचं हाड फुटलं. जवळ दुसरा डॉक्टर नव्हता, तेव्हा आपल्या हाडावर उपचारही त्यालाच बघावे लागले. ते नीट जुळलं नाही ते नाहीच. हा दंड लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे. १८४५ मध्ये त्याने मेरी मॉफटशी लग्न केलं. तीही मिशनऱ्याचीच मुलगी, आफ्रिकेत जन्मलेली.

धर्मप्रसारक म्हणून त्याचा हिशेब मांडला तर बाकी फार थोडी उरते. इतक्या वर्षांत त्याने बाप्तिस्मा दिलेला नाव घेण्यासारखा माणूस म्हणजे सेचेले नावाचा एक राजा. त्याच्याशीही पुढे मतभेद झाले. लिव्हिंगस्टनचा जीव एका जागी रमत नव्हता. त्याला आत, उत्तरेला, नकाशावर कोरं होतं तिथे जायचं होतं. गुलामांचा व्यापार थांबवायचा तर आतल्या मुलखात दुसऱ्या व्यापाराची वाट काढली पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं. पण त्या कोऱ्या भागात जायला एकच मोठी आडकाठी होती. ताप.

आज आपल्याला पाठ आहे, डास चावतो, परोपजीवी रक्तात जातो, वगैरे. पण हा परोपजीवी सापडला १८८० मध्ये, आणि डासाची भूमिका रोनाल्ड रॉसने आपल्या सिकंदराबादेत दाखवली १८९७ मध्ये. लिव्हिंगस्टनच्या काळी दलदलीतल्या वाईट हवेने ताप येतो असंच मानत. पश्चिम आफ्रिकेत नायजर नदीवर १८४१ मध्ये गेलेल्या मोठ्या मोहिमेतली गोरी माणसं तापाने पटापट मेली होती. अनेक मिशनरी तर पोचल्यावर वर्षभराच्या आतच दगावत.

लिव्हिंगस्टनने यावर आपल्या परीने प्रयोग केला. १८५० मध्ये त्याची स्वतःची मुलं तापाने फणफणली, तेव्हापासून तो एक मिश्रण देऊ लागला. क्विनाइन, कॅलोमेल, रेवाचिनी आणि जलापाचा राळ यांची गोळी. क्विनाइन म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या तोंडचं कोयनेल, कडू जहर. कानात घुंई-घुंई आवाज येईपर्यंत क्विनाइन देत राहायचं, हे त्याचं माप. इतरांनी भीतभीत थोडं थोडं दिलं तिथे याने भरपूर दिलं आणि सुरुवातीलाच दिलं. ही गोळी पुढे त्याच्या नावाने बाजारातही आली. म्हणजे कारण ठाऊक नव्हतं, पण इलाज हाताशी होता. आपल्या भाषेत सांगायचं तर थिअरी कळलेली नव्हती, प्रॅक्टिकल मात्र जमलं होतं.

१८५२ मध्ये बायको-मुलांना त्याने केपटाउनहून इंग्लंडला पाठवून दिलं आणि स्वतः आत शिरला. लिन्यांटी या गावाहून मकोलोलोंच्या मुलखातले सत्तावीस जण बरोबर घेऊन तो पश्चिमेच्या समुद्राकडे निघाला. तापाचे झटक्यावर झटके. शेवटी शेवटी बैलावर दहा मिनिटंही बसवेना. ३१ मे १८५४ रोजी तो लुआंडाला पोचला तेव्हा हाडांचा सापळा उरला होता. इंग्रज अधिकाऱ्याने स्वतःचा पलंग दिला. बंदरात इंग्रजी जहाजं होती, त्यांनी घरी न्यायची तयारी दाखवली. बायको-मुलांना पाहून दोन वर्षं झालेली. कोणीही चढलं असतं हो जहाजात! तो चढला नाही. बरोबरचे सत्तावीस जण त्याच्या भरवशावर घर सोडून आले होते, त्यांना परत पोचवायचं होतं. बरा झाला आणि आला त्याच वाटेने परत फिरला. त्यांना पोचवून मग तो पूर्वेकडे गेला, वाटेत नोव्हेंबर १८५५ मध्ये तो प्रसिद्ध धबधबा पाहिला, आणि मे १८५६ मध्ये हिंदी महासागराच्या काठी निघाला. आफ्रिका या काठापासून त्या काठापर्यंत झाली.

इंग्लंडमध्ये तो हिरो झाला. १८५७ मध्ये त्याचं प्रवासवर्णन आलं, धडाधड खपलं. भाषणं झाली. त्याचं ऐकून तरुण मिशनरी बायकापोरांसह आफ्रिकेला निघाले. इथपर्यंत वाचताना मला हा माणूस फार आवडला होता. यापुढची पानं मात्र सोपी नाहीत.

१८६० च्या सुरुवातीला लंडन मिशनरी सोसायटीची दोन कुटुंबं लिन्यांटीला पोचली. हेल्मोर पती-पत्नी आणि त्यांची चार मुलं. रॉजर प्राइस, त्याची बायको आणि तान्हं मूल. एकूण नऊ माणसं. लिव्हिंगस्टन तिथे भेटेल असा त्यांचा समज होता. तो तेव्हा दूर झांबेझी नदीवर सरकारी मोहिमेत होता. काही महिन्यांतच नवांपैकी सहा जण तापाने गेले. उरले रॉजर प्राइस आणि हेल्मोरांची दोन मुलं. त्याच वर्षी लिव्हिंगस्टन तिथे आला, तेव्हा सारं संपलेलं होतं. १८५३ मध्ये तो आपली मोठी बैलगाडी तिथेच ठेवून गेला होता. मकोलोलोंनी ती नीट सांभाळली होती, आतल्या कशालाही हात लागलेला नव्हता. तिच्यात त्याची औषधांची पेटी होती. तापावरचं औषध त्या पेटीत होतं. आणि ती माणसं मेली ती तिथून हाकेच्या अंतरावर!

हे वाचलं आणि मला आमच्या मजल्यावरची पांढरी पेटी आठवली. पुस्तक मिटून ठेवलं मी थोडा वेळ.

यात लिव्हिंगस्टनने स्वतःकडे दोष घेतला नाही. लोकांना हाका मारून बोलावलं त्याने, पण त्या मुलखात जगायचं कसं हे आपल्याला साधलं म्हणजे सगळ्यांना साधेल, असा काहीसा त्याचा हिशेब होता. झांबेझीवरची मोहीमही फसत चालली होती. पातळ पोलादी पत्र्याची त्याची आगबोट गंजून चाळणी झाली. धापा टाकत चालणारी ती बोट, तिला सगळे दमेकरी म्हणत. नदी बोटीने चढून जाता येईल हे त्याने जगाला सांगितलं होतं. प्रत्यक्षात काहोरा बासाच्या खडकाळ उतारांनी नदी अडवली होती. मागच्या खेपेला तो नेमका तेवढा भाग टाळून गेला होता. साइट न बघता केलेला सर्व्हे, दुसरं काय!

मग बिशप मॅकेन्झी. त्याची नवी मिशन शिरे नदीच्या खोऱ्यात आली होती. जानेवारी १८६२ मध्ये तो आणि बरप नावाचा सहकारी होडीतून लिव्हिंगस्टनला भेटायला निघाले. होडी उलटली. माणसं वाचली, औषधं बुडाली. नदीतल्या बेटावर वाट बघत बसले असताना ताप आला. ३१ जानेवारीला बिशप गेला, तीन आठवड्यांनी बरपही गेला. त्याच वर्षी मेरी लिव्हिंगस्टन कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर नवऱ्याकडे आली. तीन महिने जेमतेम. एप्रिलमध्ये तिला ताप भरला. या वेळी पेटी जवळ होती, इलाज शोधणारा डॉक्टर स्वतः उशाशी होता, आणि तरी काही लागू पडलं नाही. २७ एप्रिल १८६२ रोजी शुपांगा इथे ती गेली. वय एक्केचाळीस. एका गोरखचिंचेच्या झाडाखाली तिला पुरलं. त्या दिवशी हा कणखर माणूस लहान मुलासारखा रडला.

आता गोष्ट आपल्याकडे येते. मी नाशिकचा. शाळा-क्लास सगळं शरणपूर रोडवरून केलं. शरणपूर हे नाव कशावरून, असा प्रश्न मला अठरा वर्षांत एकदाही पडला नाही. तो पडला हॉस्टेलच्या खाटेवर, आफ्रिकेबद्दल वाचताना!

मोहीम सरकारने गुंडाळली. लिव्हिंगस्टनने स्वतःच्या पैशाने एक छोटी आगबोट बनवून घेतली होती, लेडी न्यासा नावाची. ती विकायची तर गुलामांचे व्यापारी घ्यायला टपलेले. म्हणून पठ्ठ्याने ती स्वतः चालवत मुंबईला आणायचं ठरवलं. नदीत चालायला बांधलेली बोट, चौदा टन कोळसा, मोजके खलाशी, आणि पुढे पावसाळा. ३० एप्रिल १८६४ रोजी झांझिबारहून निघून, अडीच हजार मैल कापून, पंचेचाळीस दिवसांनी १३ जूनला तो मुंबईला लागला. बोटीवर चुमा आणि विकाटानी अशी दोन मुलं होती. १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सोडवलेली. त्यांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शाळेत ठेवलं. गिरगाव चौपाटीसमोर ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, तेच हे विल्सन. सुसी आणि अमोडा हे दोघे मुंबईच्या गोदीत कामाला लागले. पुढे बोट विकून आलेले पैसे त्याने इथल्या एका बँकेत ठेवले आणि मुंबईतल्या कापसाच्या तेजीचा फुगा फुटला तशी ती बँकही बुडाली. म्हणजे आपल्याकडच्या बुडीत ठेवीदारांत डॉ. लिव्हिंगस्टनही होता.

१८६५ मध्ये तो पुन्हा मुंबईला आला तो शेवटच्या मोहिमेच्या तयारीला. नाईल नदीचा उगम शोधायचा होता. तेव्हा इंग्रजांचं आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडत असे. सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत आणत, त्यांतली काही नाशिकला पाठवत. नाशिकमध्ये चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवलेलं ख्रिस्ती गाव होतं, तेच शरणपूर. शरण आलेल्यांचं पूर. तिथे या मुलांना लिहा-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम वगैरे शिकवत. एका अर्थाने आपल्या आयटीआयचीच पोरं! त्यांच्यातली नऊ जणं लिव्हिंगस्टनबरोबर निघाली. त्यांना नावच पडलं, नाशिकची मुलं. जानेवारी १८६६ मध्ये थुले नावाच्या जहाजातून सगळे झांझिबारला गेले. चुमा, विकाटानी, सुसी, अमोडा होतेच.

या मोहिमेत सुरुवातीपासून गळती लागली. शिपाई परत पाठवावे लागले, दुसरे काही पळून गेले आणि लिव्हिंगस्टन मेला अशी अफवा किनाऱ्यावर पसरवून मोकळे झाले. आणि मग उजाडला २० जानेवारी १८६७ चा दिवस.

औषधांची पेटी बराका नावाच्या नाशिकच्या मुलाकडे असे, कारण तो सगळ्यांत जपून वागणारा. वाटेत सामील झालेले दोन याओ हमाल होते, फार विश्वासू. त्यांच्यातल्या एकाने त्या सकाळी बराकाला मदत म्हणून एका टप्प्यापुरती ओझ्यांची अदलाबदल केली. दाट जंगल, आणि दोघे पसार! मागोमाग मुसळधार पाऊस, पायाचा एक ठसा उरला नाही. पीठ गेलं, भांडी गेली, दोन बंदुका गेल्या. आणि पेटी गेली. चोरांना तिचा काडीचा उपयोग नव्हता, झुडपात फेकूनच दिली असणार. लिव्हिंगस्टनला ती आपल्या मरणाची शिक्षा वाटली. बिशप मॅकेन्झीची होडी त्याला तिथे आठवली.

म्हणजे बघा, औषध नसलं की काय होतं हे त्याच्याइतकं कोणी पाहिलं नव्हतं. लिन्यांटीला पेटी होती पण कोणाला ठाऊक नव्हती. शिरे नदीत पेटी बुडाली. एवढं पाहूनही त्याने सगळं औषध एकाच पेटीत, एकाच खांद्यावर ठेवलं होतं. मशीन डिझाइनच्या पहिल्या महिन्यात सर सांगतात, एक भाग तुटला की सगळंच बंद पडेल अशी रचना करू नका. पण माणसाला स्वतःच्या बाबतीत हे सुचत नाही. मलाही कुठे सुचलं होतं, दोन गोळ्या आपल्या कपाटात ठेवाव्यात म्हणून? पळालेल्या दोघांवर त्याने फार राग धरला नाही, हे मात्र मला विशेष वाटलं. लहानपणीच गुलाम म्हणून विकली गेलेली माणसं, प्रामाणिकपणा शिकणार कुठे, असं त्याने मनाशी म्हटलं.

तिथून पुढची सहा वर्षं म्हणजे आजारांची यादीच आहे. १८६९ च्या आरंभी फुप्फुसाला सूज आली, खोकल्यातून रक्त पडायला लागलं. त्याला डोलीत घालून न्यावं लागलं. आणि नेलं कोणी? मुहम्मद बोघारीब नावाच्या अरब व्यापाऱ्याने, जो त्याच गुलामांच्या व्यापारातला! ज्या व्यापाराविरुद्ध जन्म घालवला त्याच व्यापाऱ्याच्या हातचं औषध घेऊन तो जगला. टांगानिका सरोवराकाठी उजिजीला पोचला तर त्याच्यासाठी आलेलं सामान बहुतेक लुटलं गेलेलं. १८७० मध्ये पायांना चिघळणाऱ्या जखमा झाल्या, जवळजवळ तीन महिने एका झोपडीत पडून होता. जुलै १८७१ मध्ये न्यांग्वेच्या बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांनी शेकडो माणसं, बहुतेक बायका, त्याच्या डोळ्यांदेखत मारली. तो काही करू शकला नाही, फक्त लिहू शकला. ते त्याने लिहिलं.

उजिजीला परतला तो रिकाम्या हाताने, आव आणि उपासमारीने खंगलेला. तिथे १८७१ च्या अखेरीला हेन्री स्टॅनली हा अमेरिकन वर्तमानपत्राचा बातमीदार त्याला शोधत आला. त्या भेटीतलं एक वाक्य जगप्रसिद्ध आहे, तुम्हाला ठाऊक असेल. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की स्टॅनलीबरोबर औषधं आणि अन्न होतं, आणि लिव्हिंगस्टन दिवसातून चारदा जेवायला लागला. स्टॅनलीने परत चलायचा आग्रह केला. पुन्हा एकदा जहाज तयार होतं, पुन्हा तो चढला नाही. पण लुआंडाला तो माणसांसाठी मागे फिरला होता, इथे नाईलच्या उगमासाठी. हा फरक मला खटकतो. आणि ज्या नदीला तो नाईल समजत होता ती निघाली काँगो!

स्टॅनलीने किनाऱ्याहून पन्नासहून जास्त नवी माणसं पाठवली. त्यांत पुन्हा सहा नाशिकची मुलं होती. जेकब वेनराइट हा त्यांतला एक. ऑगस्ट १८७२ मध्ये निघाले. बांग्वेउलू सरोवराची दलदल, ऐन पावसाळा. यंत्रं वाहणारा मुलगा मागे कधीतरी घसरून पडला होता, घड्याळं बिघडली होती, त्यामुळे नकाशाचे आकडे चुकलेले. वाट सापडेना. कमरेइतक्या पाण्यातून पोरं त्याला खांद्यावर घेऊन चालली. मूळव्याधीतून रक्त जात होतं, आव थांबत नव्हती. एप्रिलमध्ये गाढवावरून पडला, मग डोली. चिटांबो नावाच्या मुखियाच्या गावात त्याच्यासाठी झोपडी बांधली. ३० एप्रिल १८७३ च्या रात्री त्याने सुसीला हाक मारून औषधांची पेटी मागितली. आता पेटी होती. पण त्याच्या डोळ्यांना आता बाटल्यांवरचं दिसेना. मोठ्या कष्टाने त्याने कॅलोमेलची बाटली निवडली, उशाशी ठेवायला सांगितली. पहाटे मुलांनी पाहिलं तेव्हा तो खाटेशी गुडघे टेकून, हातांत डोकं ठेवून होता. अंग गार पडलं होतं.

आता या साठ माणसांनी काय करावं? मालक मेला, हिशेब संपला, त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. परक्या मुलखात प्रेत जवळ बाळगणं म्हणजे जीवाशी खेळ. पुरून घरी गेले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. सुसी आणि चुमा यांनी सगळ्यांना बसवलं आणि ठरलं, न्यायचं. फर्जल्ला नावाचा एक जण पूर्वी झांझिबारला डॉक्टरकडे कामाला होता, त्याने देह उघडला. काळीज आणि आतडी पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली. जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव-तारीख कोरली. नाशिकला शिकलेली अक्षरं तिथे उपयोगी पडली. देहात मीठ भरलं, चौदा दिवस उन्हात वाळवला, कापडात गुंडाळला, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातला, वरून शिडाचं कापड शिवलं, डांबर फासलं.

आणि चालू लागले. हजार मैलांहून जास्त. वाटेत खुद्द त्यांच्यातले बरेच जण आजारी पडले, काही मेले. वाटेत कॅमेरून नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. इथेच पुरून टाका, असा त्याचा सल्ला. त्यांनी ऐकला नाही. पुढे गावकरी प्रेत जाऊ देईनात, तेव्हा त्यांनी एक खोटं प्रेत बांधून मागे पाठवलं आणि खरं प्रेत कापडाच्या गाठीसारखं बांधून नेलं. फेब्रुवारी १८७४ मध्ये, नऊ महिन्यांनी, ते बागामोयोला समुद्रावर पोचले. नुसता देह नाही, त्याच्या वह्या, यंत्रं, सगळं. किनाऱ्यावर त्यांचा पगार चुकता केला आणि बहुतेकांना तिथूनच वाटेला लावलं. इंग्लंडला देहाबरोबर गेला तो फक्त जेकब वेनराइट. लंडनमध्ये देह ओळखायचा कसा? तीस वर्षांपूर्वी सिंहाने फोडलेल्या त्या डाव्या दंडावरून. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांमध्ये जेकब होता. नाशिकच्या शरणपूरचा.

लिव्हिंगस्टन गेल्यावर महिन्याभराने, जून १८७३ मध्ये, झांझिबारचा गुलामांचा बाजार कायद्याने बंद झाला. न्यांग्वेबद्दल त्याने जे लिहिलं होतं त्याचा त्यात मोठा वाटा. हे त्याला कळलं नाही. त्याच्या मागून आफ्रिकेत युरोपी सत्ता घुसल्या आणि त्यांनी जे केलं तेही त्याला पाहायला मिळालं नाही. तो संत नव्हता. सहकाऱ्यांशी फटकून वागे, हमालांवर कधी हातही टाकी, नाशिकच्या मुलांना तर त्याने डायरीत भरपूर नावं ठेवली आहेत. आळशी, चुकार, असं बरंच काही. पण त्याला शेवटी घरी कोणी नेलं, तर त्यांच्याच भावंडांनी.

मी हे चरित्र लायब्ररीत परत केलं तेव्हा बाइंडिंग चिकटवून दिलं. दिवाळीला घरी गेलो तेव्हा शरणपूर रोडवरून जरा हळू चाललो. आणि आमच्या मजल्यावरच्या पेटीची किल्ली आता तिच्या शेजारीच खिळ्याला टांगलेली असते, गोळ्यांची दुसरी पाकिटं प्रत्येक विंगमध्ये एका खोलीत ठेवलेली आहेत. रेक्टर सरांनी एका अर्जात मान्य केलं, हे इथे सांगितलंच पाहिजे.

राहता राहिला लातूरचा मित्र. बरा झाल्यावर मी त्याच्या खोलीत गेलो. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मेसचे राहिलेले पैसे पुढे केले. त्याने मोजून घेतले. मग म्हणाला की जिन्यात मी त्याच्या कानाशी काहीतरी बडबडत होतो, सारखं एकच, किल्ली कुठाय, किल्ली कुठाय. आणि हसला.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी